सळई जालन्याची, पण घराचा नकाशा?

जालन्याची सळई राज्यभरातल्या स्लॅबमध्ये गेली. आपल्याच गावातल्या किती स्लॅबांना मंजूर नकाशा आहे, हे मात्र कुणी विचारत नाही.

डिसेंबर 2020 मध्ये राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली आली. 150 चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवर नकाशा दाखल करून शुल्क भरल्याची पावती हीच परवानगी, अशी त्यात सोय आहे. 2023 मध्ये आपली नगरपालिकाही महापालिका झाली. मग छोट्या माणसाची अडचण संपायला हवी होती. ती संपली नाही, कारण दुखणं नकाशात नाही, जमिनीत आहे. शेत गुंठ्या-गुंठ्यानं बाँडवर विकलं, एनए नाही, ले-आउट नाही. अशा प्लॉटला ही सोय काय कामाची? 2001 च्या गुंठेवारी कायद्यात 2021 च्या दुरुस्तीनं 31 डिसेंबर 2020 पर्यंतची बांधकामं घेतली. पण अर्ज करून शुल्क भरलं तरच.

माझ्या ओळखीतले कितीतरी जण घरपट्टीची पावती दाखवून म्हणतात, "आपलं घर कायदेशीरच हाये की!" अहो, घरपट्टी हा कर आहे, परवानगी नव्हे. हे बँकेत कर्ज मागायला गेल्यावर कळतं.

म्हणून महापालिकेनं नुसता परवानग्यांचा आकडा सांगू नये. प्रभागवार तीन आकडे लावावेत: परवानग्या किती, भोगवटा प्रमाणपत्रं किती, गुंठेवारीचे अर्ज निकाली किती. परवानगी म्हणजे इरादा, भोगवटा मिळाला म्हणजे घर.

आणि मंडळी, 'समृद्धीपासून पाच मिनिटांवर' असा बोर्ड दिसला की इसार देण्याआधी मंजूर ले-आउट मागा. नुसत्या सातबाऱ्यावर भुलू नका.