नळीचें गणित

आमच्या घराण्यांत हाताला काजळी लागण्याचे प्रसंग फारसे आले नाहींत. पणजोबांच्या हातीं पोथी होती, आजोबांच्या हातीं कचेरींतला टांक होता, वडिलांच्या हातीं खडू होता, आणि तोच खडू घेऊन आम्ही इंग्लंडांत येऊन पोहोंचलों. गेलीं वीस वर्षें येथल्या एका शाळेंत मुलांना गणित शिकवीत आहों. अशा माणसानें जुनी शर्यती मोटार बाळगावी हा एक विनोदच. परंतु विनोद म्हणून कां होईना, ती आमच्या दारीं आली खरी.

ही मोटार म्हणजे १९६७ सालची एम. जी. बी. दोन माणसांपुरती जागा, वर कापडाचें छप्पर, आणि पुढें १७९८ घनसेंटिमीटरांचें चार सिलिंडरांचें एंजिन. १९६२ पासून १९८० पर्यंत ॲबिंग्डनच्या कारखान्यांतून अशा पांच लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. आमची गाडी मात्र गेल्या हिवाळ्यांत एकाएकीं खोकूं लागली. एंजिनाला चिकटून असलेला बिडाचा मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांतला धूर गोळा करून सायलेन्सरच्या नळीकडे देणारा भाग, तडकला होता.

आम्हीं एका दुकानाकडून पोलादी नळ्यांचें तयार हेडर मागविलें. तें बसलें, पण फुसफुस थांबेना. कारण शोधून काढलें तें आमच्या चिरंजीवांनीं. या एंजिनांत हवा आंत नेणारा आणि धूर बाहेर नेणारा, असे दोन्ही मॅनिफोल्ड एकाच बाजूस शेजारीं शेजारीं असतात, आणि त्यांतील कांहीं नट व जाड वॉशर दोघांना मिळून दाबतात. आतां एकाची पट्टी जाड आणि दुसऱ्याची पातळ असली, तर सारा दाब जाडीवर पडतो आणि पातळी तशीच मोकळी राहते. एकच पांघरूण दोघांवर घालावें आणि एकानें तें ओढून घ्यावें, त्यांतला हा प्रकार!

"बाबा," चिरंजीव म्हणाले, "ही घासूनपुसून चालेल. पण आपण नवीनच करूं या."

हें वाक्य वाचकांस साधें वाटेल. आमच्या घरांत तें तसें नव्हतें. वर्षापूर्वीं त्यानें इंजिनियरिंगचें कॉलेज दुसऱ्याच वर्षीं सोडलें आणि एका कारखान्यांत वेल्डिंगचें काम शिकूं लागला. तेव्हांपासून बापलेकांचें बोलणें मीठ-भाजीपुरतें उरलें होतें. पुण्याच्या नातलगांना आम्ही फोनवर सांगत असूं कीं, तो 'इंजिनियरिंगचें करतो.' वाक्य अगदीं खोटें नव्हतें. आणि खरें तर मुळींच नव्हतें.

"अहो, तो आपण होऊन बोलला आहे," मंडळींनीं हळूच बजावलें. "नाहीं म्हणूं नका."

आम्हीं कागद-पेन्सिल घेतली. विषय खरोखर मोठा सुरस आहे. या एंजिनाला सिलिंडर चार, पण धुराचीं दारें तीनच. मधल्या दोन सिलिंडरांना एकच दार सामाईक. तरी त्यांची टक्कर होत नाहीं. कारण सिलिंडर पेटतात ते एक, तीन, चार, दोन या क्रमानें. म्हणजे तिसऱ्याच्या व दुसऱ्याच्या उच्छ्वासांत एंजिनाचा एक पूर्ण फेरा जातो. पहिल्याचें व चौथ्याचें नातेंहि तसेंच. म्हणून त्या दोघांच्या नळ्या आधीं एकत्र आणाव्यात आणि मधली नळी लांब ठेवून पुढें त्यांना मिळवावी, हें सशास्त्र. दार उघडलें कीं दाबाची लाट नळींतून धांवते आणि रुंद जागीं पोहोंचली कीं उलटी होऊन ओढ घेत परतते. ती नेमक्या वेळीं परतली, तर उरलासुरला धूर बाहेर खेंचते. नळी लांब, तर हा लाभ एंजिन सावकाश फिरत असतांना. आंखूड, तर वेगांत.

चार शनिवार खर्चून आम्हीं लांब्या काढल्या. चिरंजीवांनीं वेल्डिंगची तार त्या मापानें वांकवून एंजिनापाशीं धरली आणि गंभीरपणें म्हणाले, "बाबा, तुमचें उत्तर बरोबर आहे. फक्त या नटाला पाना लागणार नाहीं." गणितांत नट धरलाच नव्हता!

मग आम्ही शिष्य झालों. दीड मिलिमीटर जाडीच्या स्टेनलेस नळीचे बेंड करवतीनें कापून तो एकेक तुकडा जुळवी, गाडीवरच ठिपक्याठिपक्यानें डागून ठेवी, आणि मग सारा सांगाडा खालीं उतरवून पुरा जोड घाली. पट्टी उष्णतेनें वांकूं नये म्हणून ती जाड लोखंडी पाटाला आवळलेली असे. जोड घालतांना नळीच्या आंतूनहि आर्गन वायु खेळवावा लागतो. नाहीं तर आंतली धातु जळून करपलेल्या साखरेसारखी रवाळ होते. त्या वायूची तोटी आमच्या हवालीं होती. वायु महाग, म्हणून आम्हीं ती न विचारतां थोडी आवळली.

जोड थंड झाल्यावर त्यानें बॅटरी लावून आंत पाहिलें. मग आमच्याकडे पाहिलें. मग कांहीं न बोलतां करवत उचलली आणि दोन तासांचें काम कापून टाकलें. आम्हीं जन्मभर मुलांच्या चुकांवर तांबडी शाई ओढली, चारचौघांत ओढली. त्याच्याहि वह्यांवर ओढली होती. ती आज आठवली.

दुसऱ्या खेपेस जोडावर सोनेरी छटा उमटली. ती चांगल्या कामाची खूण असते म्हणे. तरीहि पट्टी किंचित् वांकलीच होती. ती सपाट कांचेवर ठेवून त्यानें तिची फट मोजली आणि दोन संध्याकाळ कानस चालविली.

गाडी सुरू झाली. फुसफुस नाहीं, एक भरदार, स्वच्छ आवाज. शक्ति कितीशी वाढली, असें कोणी विचारील. फार नाहीं, कारखान्याचा मूळचा बिडाचा मॅनिफोल्डच इतक्या विचारानें केलेला होता. आम्हांला त्याचें वाईट वाटलें नाहीं.

त्याच रविवारीं पुण्याहून ताईचा फोन आला. "काय रे, भाचेबोवांचें इंजिनियरिंग कुठवर आलें?"

"ताई, कॉलेज सोडून त्याला वर्ष झालें. तो वेल्डर आहे. तुला हें आधींच सांगायला हवें होतें."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग तिनें विचारलें, "काम नीट करतो का?"

"माझ्यापेक्षां नीट करतो," आम्ही म्हणालों.

स्वयंपाकघरांत चिरंजीव हात धूत होते. नळ बराच वेळ वाहत राहिला.