नाव घेणे

आपल्या मराठीत नावाचे लाड फार. मुलगा परीक्षेत नाव काढतो, शेजारीण नावे ठेवते आणि नवी सून उखाण्यात नाव घेते. मात्र ती घेते ते नाव दुसऱ्याचे असते. तिचे स्वतःचे नाव ताटातल्या तांदळांत अंगठीने रेघा ओढून बदलून टाकण्याची चाल तर आजही कित्येक घरांत आहे.

माझ्या आजीची अशी दोन नावे होती. माहेरची ती द्वारका, सासरची रमा. पण ह्यांपैकी एकाही नावाने तिला कोणी हाक मारल्याचे मला आठवत नाही. आजोबा ‘अगं ए’ म्हणत, गाव ‘वहिनी’ म्हणे. पहिल्या निवडणुकीच्या यादीसाठी कारकून दारात आला आणि त्याने नवऱ्याचे नाव विचारले, तेव्हा आजीने म्हणे ते उखाण्यात गुंफून सांगितले! ही हकिगत ती तोंडाला पदर लावून सांगे, आणि आम्ही हसून बेजार होत असू.

पुढे वाचनात आले, की १९५१-५२ च्या त्या निवडणुकीत देशभरातल्या सुमारे २८ लाख बायकांची नावे यादीतून गळली. कारण त्यांनी नाव सांगितलेच नव्हते. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढेच सांगितले होते. सुकुमार सेन तेव्हा मुख्य निवडणूक आयुक्त होते. स्वतःचे नाव सांगितल्यावाचून यादीत घ्यायचे नाही, असा दंडक होता. त्या बायकांचे मत बुडाले, हे वाईटच झाले. तरी सरकारने दारात उभे राहून ‘बाई, तुमचे नाव काय?’ असे विचारावे, ह्याचे मला अजून अप्रूप वाटते.

आता यादीत नावे आहेत, पंचायतीच्या फलकावरही आहेत. १९९३ पासून पंचायतींत एकतृतीयांश जागा बायकांच्या झाल्या. महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या. तरी सकाळी वर्तमानपत्र उघडले, की मधूनच ‘सरपंचपती’ हा शब्द भेटतो. सरपंच पुरुष असला तर ‘सरपंचपत्नी’ गावचा कारभार हाकते, असे मात्र मी कुठे वाचले नाही. मार्च २०२५ मध्ये छत्तीसगडातल्या एका गावी निवडून आलेल्या सहा बायकांच्या ऐवजी त्यांच्या नवऱ्यांनी शपथ घेतली. बायका त्या वेळी घरी काय करत असतील? बहुधा शपथ घेऊन येणाऱ्यांसाठी चहा ठेवत असतील. आणि ज्या बायका खरोखर कारभार करतात, त्यांना मुलाखतीत हमखास विचारतात, ‘घर कसे सांभाळता?’ मंत्रिमहोदयांच्या घरची भाजी कोण निवडते, ह्याची चौकशी अजून कोणी केलेली नाही.

महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये ठरवले, की १ मे २०१४ पासून पुढे जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांवर स्वतःच्या नावानंतर आधी आईचे नाव लिहायचे, मग वडिलांचे. मला आनंद झाला. वर्गात अर्ज भरताना एका मुलाने विचारले, “बाई, आईचे आधीचे नाव लिहू, की आत्ताचे?” कार्डावर असेल ते लिही, असे मी सांगितले. त्याचे काम झाले, पण माझ्या मनातून तो प्रश्न जाईना. आईचे नाव लेकराच्या नावाला जोडले गेले, हे छानच. पण त्या २८ लाख बायकाही अमक्याची आई म्हणूनच गळल्या होत्या ना?

आता पाडव्याला ओवाळताना नाव घेण्याचा आग्रह होईल. जरूर घ्यावे, उखाणे मलाही पुष्कळ येतात. पण पंचायतीत गेलेल्या माझ्या बहिणींना एवढेच सांगावेसे वाटते, की शपथेचा उखाणा निराळा असतो बरे का. तो ‘मी’पासून सुरू होतो आणि पुढे नाव घ्यायचे ते आपले.