हसलेले अनारसे

पदार्थ सगळीकडेच बिघडतात, पण हसतात ते फक्त आमच्या मराठी स्वयंपाकघरात. कढईत सोडलेला अनारसा तुपात फुटून पसरला, की बायका म्हणतात, ‘हसला मेला!’ गेल्या दिवाळीत माळ्यावरच्या ट्रंकेत आईची फराळाची वही सापडली. तिच्यातले हसलेले अनारसे वाचले, आणि मला एकदम आठवली ती माझी कचेरी!

पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मी हयात घालवली. २००२ साली आमच्या साहेबांना पायऱ्यांचे वेड लागले. या पायऱ्या मूळच्या अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या. तेथील कार्नेगी मेलन विद्यापीठात १९८४ साली, अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशाने, सॉफ्टवेअर अभियांत्रिकीची एक संस्था निघाली. आयबीएममध्ये २७ वर्षे काढलेले वॉट्स हम्फ्री १९८६ साली तेथे आले आणि त्यांनी सॉफ्टवेअर करणाऱ्या संस्थांच्या शहाणपणाच्या पाच पायऱ्या मांडल्या. १९९१ साली त्यांतूनच ‘कपॅबिलिटी मॅच्युरिटी मॉडेल’ हे भारदस्त नाव जन्मले. पहिल्या पायरीवर सारा कारभार एखाद्या हुशार माणसाच्या भरवशावर. तो रजेवर गेला की कामही रजेवर! दुसरीवर एकदा जमलेले पुन्हा जमते. तिसरीवर साऱ्या संस्थेची एक लेखी रीत ठरते. चौथीवर मोजमाप येते. आणि पाचवीवर चुकीचे मूळ शोधून रीतच सुधारतात.

आम्ही पाचवी गाठली. परीक्षक फायली पाहून गेले, पेढे वाटले गेले. त्याच महिन्यात एका गिऱ्हाइकाचा हिशेब चुकला. चुकांच्या नोंदीत ‘कारण’ या रकान्यात मी एका नवशिक्या मुलाचे नाव लिहिले. खरे तर त्याचे काम तपासायचे माझ्याकडे होते, आणि मी न बघताच सही ठोकली होती. मुलगा काही बोलला नाही. दोन महिन्यांनी नोकरी सोडून गेला.

आईच्या वहीत दर दिवाळीचे एक पान आहे. ‘चकली तेलात विरघळली. मोहन जास्त. पुढच्या वेळी निम्मे.’ असेच सारे. १९६८ च्या पानावर मात्र मी थबकलो. ‘अनारसे हसले. गूळ जास्त पडला. यापुढे मोजून घ्यावा. गुळाचा डबा वरच्या फळीवर ठेवावा.’

त्या वर्षी पिठात वाटीभर किसलेला गूळ चोरून मीच मिसळला होता. अनारसे जास्त गोड व्हावेत म्हणून! आईला ते कळले होते. नाहीतर डबा वरच्या फळीवर कशाला गेला असता? पण वहीत माझे नाव नव्हते. फक्त फळी होती.

त्या मुलाच्याही कानशिलांवर आता पांढरे आले असेल. पत्ता मिळवून मी त्याला पत्र टाकले : रकान्यात नाव चुकीचे पडले होते, माझे हवे होते. उत्तर अजून आलेले नाही.

यंदा अनारसे मी करायला घेतले आहेत. गूळ मोजून घेतला आहे. हसलेच, तर आईच्या वहीत पुढचे पान कोरे आहे.