बातमीतला दुष्काळ : सुपे ते निंबोडी

(१) बारामती एमआयडीसीतील कारखाने, नीरा डाव्या कालव्याकाठचा ऊस आणि वायव्येला सुप्याकडचा जिरायती माळ : एकाच तालुक्याची ही तीन चित्रे. उर्वरित महाराष्ट्राला पहिली दोनच आठवतात. तिसऱ्याच्या विस्मरणाचे कारण पावसाइतकेच बातमीच्या इतिहासातही आहे.

(२) १२ मे १८७५. सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली. पुढच्याच वर्षी पावसाने दगा दिला. दुष्काळ कोसळला तो आधीच कर्जाने वाकलेल्या गावांवर.

(३) पुणे सार्वजनिक सभेने तेव्हा गावोगावची माहिती जमवली : पीक, धान्याचे भाव, मजुरी, स्थलांतर. १८७७ मध्ये सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील मजुरी रोज एक पौंड धान्य व एक आणा इतकी खाली आणली. एक पौंड म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम. एवढ्यावर खडी फोडणारा माणूस जगतो का, हा प्रश्न छापून आला आणि दुष्काळ दैवाच्या खात्यातून कारभाराच्या खात्यात गेला.

(४) १८९६ च्या दुष्काळात ‘केसरी’ने आणखी पुढचे पाऊल टाकले. सरकारच्या दुष्काळ-संहितेतील तरतुदी रयतेला तिच्या भाषेत समजावल्या. पीक बुडाले असता साऱ्यात सूट मागणे हा हक्क आहे, असे सांगितले. १८९७ मध्ये सरकारने सार्वजनिक सभेची मान्यता काढून घेतली. नुसत्या हळहळीची भीती कोणत्याही सरकारला वाटत नाही.

(५) मधल्या काळात, १८८५ च्या सुमारास, नीरा डावा कालवा सुरू झाला. बारामती-इंदापुरात बागायत आणि जिरायत अशी रेघ ओढली गेली. त्यानंतर पाऊस सर्वांचाच चुकला, तरी दुष्काळ सर्वांना सारखा पडेना.

(६) १९७२ मध्ये भेगाळलेली जमीन आणि खडी फोडणाऱ्या स्त्रिया यांची छायाचित्रे घरोघरी पोहोचली. त्या काळातील दुष्काळी कामांतूनच रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. मात्र दुष्काळाचा चेहरा म्हणून मनात भेगच उरली. कालव्याची रेघ कोणत्याच छायाचित्रात मावत नव्हती.

(७) एप्रिल २०१३ मध्ये इंदापूर तालुक्यातील निंबोडीच्या सभेत तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांनी धरणातील पाण्यावरून असभ्य विधान केले व नंतर माफी मागितली. वाक्य सर्वांच्या लक्षात राहिले. सोलापूरकरांची पाण्याची मागणी मागे पडली. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली. गाडी दिसली, लातूरचे पाणी कोणत्या पिकांनी आणि उपशाने आटले, याची चर्चा तिच्याइतकी गाजली नाही.

(८) म्हणून जुने अंक चाळताना दुष्काळाच्या बातमीला एक साधा प्रश्न विचारावा : पाऊस किती पडला, एवढेच तिने सांगितले, की असलेले पाणी कोणाकडे गेले, हेही? सार्वजनिक सभेच्या माहितीदारांनी पीक, भाव, मजुरी नोंदवली होती. सुप्याच्या माळावर आज त्याच यादीत टँकरच्या खेपा आणि कालव्याची आवर्तने घालावी लागतील.