दोनचं बटण

पाटोद्यात बसस्टँडच्या रस्त्याला माझं मोबाइलचं दुकान आहे. कोणता रिचार्ज मारायचा हे वीस वर्षं मी लोकांना सांगत आलो. आणि आयुष्यात पहिल्यांदा देशाची वेस ओलांडायची वेळ आली तेव्हा मीच चुकलो.

२०२५ च्या एप्रिलमध्ये आमच्या भागातून काशी, अयोध्या आणि नेपाळ अशी यात्रेची बस निघाली. साखर कारखान्यांचे पट्टे पडले होते, ऊसतोडीला गेलेली माणसं गावाकडं परतली होती, उन्हानं रानं भाजून निघत होती. आम्ही नवराबायकोनं नावं दिली. नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही, मतदान कार्डावर जाता येतं. त्यामुळे आपण परदेशात चाललोय असं बसमधल्या निम्म्या लोकांना वाटतच नव्हतं. फोनचं काय करायचं म्हटलं की उत्तर ठरलेलं, "ते दुकानवाले बघतील की." दुकानवाले म्हणजे मी.

निघायच्या आधी आठ दिवस मी रीतसर वही घेऊन बसलो. वाटा दोनच होत्या. एक, आपलंच सिम ठेवायचं आणि त्यावर आंतरराष्ट्रीय रोमिंगचा पॅक मारायचा. दुसरी, पलीकडे गेल्यावर तिथलं सिम घ्यायचं. ई-सिमचाही पर्याय असतो, पण माझ्या फोनला तो नाही. पॅकमध्ये दिवस मोजके, डेटा मोजका, शिवाय आलेला कॉलसुद्धा मिनिटांत धरतात. पॅक न मारता नुसतं रोमिंग चालू ठेवावं म्हटलं तर हल्ली अनलिमिटेडच्या रिचार्जमध्ये मेन बॅलन्स शून्यच असतो, मग कॉलचे पैसे कापायचे कुठून? तेवढे ओटीपीचे मेसेज फुकट येतात. मी एका जीबीला किती पडतं तो भागाकार केला. नेपाळचं सिम कितीतरी स्वस्त निघालं. वही मिटली आणि बसमध्ये जाहीर केलं, पॅकच्या नादी कुणी लागू नका.

गोरखपूर मागं टाकून सोनौलीला पोचलो. कमान ओलांडली, पलीकडं बेलहिया. आपल्या शंभराचे तिकडचे एकशेसाठ होतात. लोक नोटा बदलण्यात गुंतलेले. मी फोनकडं बघत होतो. भारताचा टॉवर अजून अर्धामुर्धा येत होता आणि घड्याळ मागंपुढं उड्या मारत होतं. अकरा वीस, मग एकदम अकरा पस्तीस, परत अकरा वीस. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढं असतं, हे तेव्हा कळलं.

भैरहव्यात सिमचं दुकान सापडलं. नेपाळ टेलिकॉम की एनसेल, एवढाच प्रश्न होता. डोंगरात लांबवर रेंज कुणाची मिळते ते ड्रायव्हरला विचारून घेतलं. पासपोर्ट काढून ठेवला होता, तो पहिल्यांदा कामाला आला. झेरॉक्स, फोटो, फॉर्म. फॉर्मवर आजोबांचंही नाव लिहायचं होतं. मी आजोबांचं नाव लिहिलं, तेव्हा वाटलं, जन्मात सोलापूर न पाहिलेला माणूस, त्याचं नाव बघा कुठं येऊन पोचलं.

माझ्या फोनला सिमचे कप्पे दोन, पण दुसऱ्यात मेमरी कार्ड. म्हणून आपलं सिम बाहेर काढावं लागलं. पिन मिळेना. हिनं कानातल्या टॉप्सची काडी दिली, तिनं ट्रे निघाला. नखाएवढं ते सिम हरवू नये म्हणून बसच्या तिकिटात गुंडाळलं आणि हिच्या कुंकवाच्या डबीत टाकलं. चूक झाली ती इथं.

पुढचे दोन दिवस मी राजा होतो. पोखऱ्याच्या तळ्याचे व्हिडिओ, मुलाशी व्हिडिओ कॉल, बसमधल्या बाया माझ्या फोनवरून नातवंडांशी बोलायच्या. एका दुकानात क्यूआर कोड दिसला. २०२४ च्या मार्चपासून आपलं यूपीआय तिकडच्या फोनपेच्या कोडवर चालतं, हे मीच गिऱ्हाइकांना सांगितलेलं. ऐटीत फोन धरला. ॲपनं नंबरचं सिम शोधलं, सापडलं नाही, पैसे गेले नाहीत. तेव्हाही डोक्यात प्रकाश पडला नाही. रोख दिले आणि पुढं चाललो.

चाकणहून धाकट्या भावाचा व्हॉट्सॲप कॉल आला.

"दादा, आईला एकदा तुझा आवाज ऐकव. मी सांगतोय तू ठीक आहेस, ती ऐकायलाच तयार नाही."

आई सत्तरीची. वस्तीवर राहते. तिच्याकडं बटणाचा फोन आहे, तो मीच दिलाय. वाचता येत नाही म्हणून त्यात दोनचं बटण दाबून धरलं की मला लागतो आणि तीनचं धरलं की भावाला, असं करून दिलंय. ती रोज संध्याकाळी दोन दाबते. दोन दिवस ती दोन दाबत होती आणि माझा नंबर कुंकवाच्या डबीत होता. पलीकडून बाई सांगायची, फोन बंद आहे. आईच्या लेखी बंद फोन म्हणजे काहीतरी झालंय आणि धाकटा लपवतोय.

मी नेपाळच्या सिमवरून तिला फोन लावला. उचलेना. परत लावला. उचलेना. उचलणार कशी? अनोळखी नंबर दिसला की घ्यायचा नाही, लोक फसवतात, हे तिच्याकडून मीच घोकून घेतलेलं. नाव न येता नुसते आकडे आले म्हणजे अनोळखी, एवढं तिला पक्कं कळतं. माझ्या नव्या नंबरावर तिनं उलटा फोन करायचा तर तो आयएसडी, तिच्या रिचार्जमधून लागणारच नाही. तिच्या बाजूनं सगळी दारं मी स्वतः बंद करून आलो होतो.

आणि हे मला शिकवायची गरज नव्हती. रोमिंग हा शब्द पाटोद्याला विमानातून आलेला नाही, तो उसाच्या ट्रकमधून आला. मी दुकान टाकलं २००५ ला. दिवाळी झाली की मुकादमाच्या टोळ्या निघायच्या, कोयत्यामागं उचल घेतलेली. कोल्हापूर-साताऱ्याच्या फडावर गेलेल्यांचं ठीक होतं, सर्कल तेच. पण निपाणी ओलांडून बेळगाव, बागलकोटकडं गेलं की कर्नाटक सर्कल लागायचं आणि आलेल्या कॉलचेही पैसे कापायचे. माझे आईबापही त्याच गाड्यांत. निघायच्या आदल्या दिवशी माणसं दुकानात बसून ठरवायची. घरी म्हातारी आहे, पोरगं शाळेला मागं ठेवलंय, फोन कुणी करायचा, कधी करायचा, पैसे कुणाचे जायचे? एक रिंग म्हणजे पोचलो. दोन म्हणजे सगळं ठीक, उचलू नको. तीन म्हणजे तू लाव. दहा रुपयांच्या टॉकटाइमवर आठवडा निघायचा. २०१५ च्या जूनमध्ये बीएसएनएलनं रोमिंगमधलं इनकमिंग फुकट केलं, पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये जिओ आलं, मग तो हिशेबच संपला. हिशेब संपला तशी त्यामागची अक्कलही मी विसरलो. ती माणसं मागं राहणाऱ्याकडून सुरुवात करायची. मी जीबीपासून केली.

तिसऱ्या दिवशी आम्ही मुक्तिनाथला होतो. साडेतीन हजार मीटरच्याही वर. एकशेआठ धारांखालून पळत जाऊन दात वाजत होते. टॉवेल गुंडाळतोय तोवर फोन वाजला. दुकानातल्या पोराचा व्हिडिओ कॉल. पडद्यावर माझं काउंटर, मागं कव्हरांची माळ, आणि मधोमध आई. वस्तीवरून जीपनं पाटोद्याला आली होती, एकटी, भर उन्हात.

मी म्हणालो, "आई, बघ, मी हाय. ठणठणीत हाय."

तिनं बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "दिसतोस खरा. पर तुझा फोन का लागंना?"

सिम, नेटवर्क, पॅक, सगळं सांगून बघितलं. तिला ते पटण्यासारखं नव्हतंच. दोन दाबलं की लेक बोलतो, एवढा तिचा करार. तो मी मोडला होता.

त्या पोराला म्हटलं, माझ्या भारतातल्या नंबरवर नेपाळचा रोमिंग पॅक मार, आत्ता. माझ्याच दुकानातून माझाच रिचार्ज झाला. आपला नेहमीचा प्लॅन संपलेला नाही ना, तेही बघून घेतलं, कारण त्याची मुदत संपली तर रोमिंगचा पॅकही उपयोगाचा नाही. हिनं डबी उघडली. तिकीट लालेलाल, सिमच्या सोनेरी पट्टीवर कुंकू. शर्टाच्या टोकानं पुसलं, फुंकर मारली, कप्प्यात घातलं, सेटिंगमध्ये रोमिंग चालू केलं. सिमनं टॉवर शोधायला वेळ लावला. मग एकामागून एक मेसेज पडायला लागले, तिनं दोन दिवसांत किती वेळा लावला त्याचे.

संध्याकाळी फोन वाजला. पडद्यावर आई.

"लागला का?"

"लागला."

"बरं. ठिव मग. तिकडं पैसं कापत्यात."

पंधरा सेकंदसुद्धा झाले नसतील. मी घेतलेल्या पॅकची मिनिटं शेवटपर्यंत तशीच राहिली. पुढं काठमांडूत, पशुपतिनाथाच्या रांगेत, फोन दोनदा वाजून थांबला. मी उचलला नाही.

त्याच वर्षी ४ सप्टेंबरला नेपाळ सरकारनं नोंदणी न केल्याच्या कारणावरून व्हॉट्सॲप, फेसबुक, यूट्यूब धरून २६ समाजमाध्यमं बंद करायचा हुकूम काढला. ८ तारखेला तरुण रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, त्या रात्रीच बंदी उठवावी लागली, दुसऱ्या दिवशी पंतप्रधान ओलींनी राजीनामा दिला. बातम्या बघताना माझ्या मनात एकच येत होतं, आमची बस तेव्हा तिथं असती तर दुकानातून आलेला तो व्हिडिओ कॉलही लागला नसता. दुबईला जाणाऱ्या पोरांनाही आता आधीच सांगतो, तिथं व्हॉट्सॲपचा मेसेज जातो, कॉल होत नाही, त्यावर विसंबू नका. ज्याला डेटा खूप लागतो त्यानं तिथलं सिम जरूर घ्यावं, स्वस्त पडतंच. पण दोन कप्प्यांचा फोन असेल तर आपलं सिम आत राहू द्यावं, एक छोटा पॅक मारावा, आणि डेटा नव्या सिमवर ठेवावा. मेमरी कार्ड पंधरा दिवस घरी राहिलं तर काही बिघडत नाही.

परवा एक चाचा आले. उमराहला निघालेत. खिशातून मोठा फोन काढून काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "भाऊ, जास्तीत जास्त नेट बसेल असं काहीतरी सांगा."

मी तो तसाच त्यांच्याकडं सरकवला. म्हटलं, "घरी कोण राहणार?"

"चाची."

"मग उद्या येताना चाचींचा फोन घेऊन या."