पालखीच्या चालीची गाडी

चाळिशी उलटलेल्या गृहस्थाने दुकानात जाऊन रेडिओवर चालणारी मोटार मागितली, की दुकानदाराचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "मुलाचे वय काय?" आम्हांसही तो विचारण्यात आला. न्यायालयात साक्षीदारांना शपथेची आठवण करून देणारे आम्ही. परंतु त्या दिवशी बेलाशक "बारा" असे सांगून मोकळे झालो. उत्तर खोटे नव्हते, पण पुरते खरेही नव्हते. गाडी चालवणार होते ते आमचे बारा वर्षांचे चिरंजीव. पण ती हवी होती आमच्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या तीर्थरूपांसाठी.

तीर्थरूप नार्नूरला राहतात. आदिलाबाद जिल्ह्याच्या डोंगराळ भागातील हे गाव. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा या जिल्ह्यातील राजुरा आणि किनवट मुंबई राज्यात गेले आणि उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात आला. २०१४ पासून तो तेलंगणात आहे. नकाशावरील रेघा अशा सरकल्या, पण बाजारातली मराठी जिथल्या तिथे राहिली. तिच्या शेजारी गोंडी, लंबाडी आणि तेलुगूही नांदतात. तीर्थरूप गोव्याहून मराठी माध्यमाच्या शाळेत शिक्षक म्हणून इकडे आले आणि निवृत्तीनंतरही परत गेले नाहीत. चार भाषांच्या या गावात त्यांनी घरापुरती पाचवी आणली, ती कोंकणी. आम्ही वकिलीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी राहतो आणि शनिवारी मुलाला घेऊन नार्नूर गाठतो.

गावाबाहेर कपाशीच्या शेतांतून एक गाडीवाट ओढ्यापर्यंत जाते. जाऊन येऊन दोन किलोमीटर. तीर्थरूपांनी ती वाट चाळीस वर्षे रोज तुडवली. मग एका पावसाळ्यात अंगणात पाय घसरला. हाड सांधले, पण मन सांधले नाही. हाती काठी आली आणि फिरणे ओसरीपुरते उरले. चिरंजीवांची तऱ्हा उलट. ते फिरायला निघाले की आजोबांच्या दहा पावलांत यांची पन्नास होत. पुढे जाऊन कंटाळत आणि घरी परतून एखादा पडदा उजळून बसत. आजोबा कोंकणीत हाक मारीत, नातू मराठीत "हो" म्हणे, आणि संभाषण तेथेच संपे. दोघांचे एकमेकांवर प्रेम नव्हते असे नाही. दोघांची चाल जमत नव्हती.

गाडीची कल्पना चिरंजीवांचीच. मात्र त्यांना हवी होती ती ताशी पन्नास-साठ किलोमीटर पळणारी, उड्या मारणारी. त्यापूर्वी एका दुकानातून आणलेली स्वस्त गाडी आमच्या काळ्या मातीत पहिल्याच दिवशी निवर्तली होती, म्हणून या खेपेस आम्ही कागदपत्रांचा अभ्यास करून उभे राहिलो. आमचा युक्तिवाद एवढाच होता : पळणारी गाडी पाहण्यासाठी माणसाला एका जागी उभे राहावे लागते, फिरायला नेण्याची गाडी आपल्याबरोबर चालली पाहिजे. अशा गाड्यांना क्रॉलर म्हणतात, म्हणजे रांगणाऱ्या. खऱ्या मालमोटारीची वा जीपची ती प्रमाणबद्ध प्रतिकृती असते; वेग माणसाच्या चालीच्या आसपास ठेवता येतो आणि सारी ताकद चढण्यात खर्च होते. ही परंपरा तशी जुनी आहे. जपानच्या तामिया कंपनीने १९८१ साली टोयोटा हायलक्सची अशी प्रतिकृती काढली. तिच्यात तीन गिअरसुद्धा होते.

वेगाचा निकाल लागल्यावर आकाराचा प्रश्न आला. चोविसास एक या प्रमाणाची गाडी तळहातावर मावते, घरातल्या उशांवर सुरेख चढते. परंतु गाडीवाटेवर तिला ढेकूळ म्हणजे सह्याद्री आणि हरळी म्हणजे अरण्य. अठरास एक ही मधली पायरी. ट्रॅक्ससची टीआरएक्स-फोर-एम ही २०२२ साली आलेली गाडी त्या मापाची आहे आणि पिशवीत सहज मावते. पण आमच्या वाटेवर मुठीएवढे काळे दगड आणि बैलगाडीच्या चाकोऱ्या. तेथे दहास एक हेच माप टिकते. हात-सव्वा हात लांब, सुमारे तीन किलो वजनाची गाडी. चालणाऱ्याला ती वाकून शोधावी लागत नाही. ज्यांची नजर अधू झाली आहे त्यांच्यासाठी ही गोष्ट लहान नव्हे.

मग अंतरंग. साध्या मोटारीत वळताना दोन्ही चाके वेगवेगळ्या गतीने फिरावीत म्हणून डिफरन्शियल असते. त्याचा दोष असा, की एक चाक अधांतरी राहिले तर सारी शक्ती तेच उधळून टाकते. रांगणाऱ्या गाडीत तो जखडलेला असतो, त्यामुळे जमिनीवरचे चाक आपले काम सोडीत नाही. २०१७ साली निघालेल्या टीआरएक्स-फोरमध्ये तो दूरवरून जखडता आणि सोडता येतो. शिवाय चाकाजवळच्या गिअरांमुळे ॲक्सल उंच राहतो आणि दगडाला अडत नाही. टायर मऊ रबराचे, आत स्पंज. आमच्या चिरंजीवांना टपावर जाळी, दिवे आणि सामान हवे होते. परंतु जड वस्तू जितकी उंच, तितकी गाडी उतारावर लवकर कलंडते; वजन खाली, चाकांजवळ हवे. या मुद्द्यावर तडजोड झाली : टपावर फक्त एक दोरीचे वेटोळे.

वकील म्हणून दोन बाबी तपासणे प्राप्तच होते. पहिली रेडिओची. बिनतारी यंत्राला परवाना लागतो हा जुना नियम; परंतु या गाड्या ज्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरींवर चालतात, त्या पट्ट्यातील अल्पशक्तीच्या उपकरणांना २००५ सालच्या नियमांनी परवान्यातून सूट दिली आहे. दुसरी बाब खिशाची. आयात खेळण्यांवरील शुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेले आणि २०२३ साली ७० टक्क्यांवर. विदेशी गाडीची किंमत ऐकून आम्ही क्षणभर मौन पाळले, मग एका अशिलाचे थकलेले शुल्क वसूल झाल्यावर खरेदी केली.

पहिल्या शनिवारी गाडी अंगणातून निघाली तेव्हा तीर्थरूप ओसरीवर होते. तिने पायरीशेजारचा दगड पकडला, एक चाक उचलले, थरथरली, मागे आली आणि पुन्हा चढू लागली. "सवकास वच," ते गाडीला म्हणाले. आणि काठी घेऊन उठले. आम्ही काही बोललो नाही. बोललो असतो तर ते पुन्हा बसले असते.

त्या दिवशी आम्ही फाटकापर्यंत गेलो. पुढच्या शनिवारी चिंचेपर्यंत. महिन्याभरात ओढ्यापर्यंत. चाकोरीतून गाडी काढायला नातवाला थांबावे लागे, तोवर आजोबा येऊन पोहोचत. कोणत्या बाजूने चढावे हे ते काठीने दाखवीत. बैलगाडी हाकणाऱ्यांची रीत त्यांनी चाळीस वर्षे पाहिली होती. नातवाने एकदा हिशेब मांडला : गाडी दहास एक, म्हणून आपले दोन किलोमीटर म्हणजे तिचे वीस. आजोबांना तो फार आवडला. आता घरी आल्यावर ते शेजाऱ्यांना "आज वीस झाले" असे सांगतात.

या चालीचा विचार करताना आम्हांला पालखी आठवते. १५६० साली आपल्या पूर्वजांनी श्रीमंगेशाला कुशस्थळीहून नदीपार प्रियोळला नेले, ते माणसांच्याच चालीने. आजही उत्सवात पालखी निघते ती तरुण भोयांच्या दमाने नव्हे, मागून येणाऱ्या म्हाताऱ्यांना आणि मुलांना गाठता येईल अशा बेताने. आमच्या या भागातही पौषात मेस्राम कुळीचे गोंड लोक केस्लापूरच्या नागोबासाठी हस्तिनामडुगूहून गोदावरीचे पाणी आणतात, ते अनवाणी चालत. देव लवकर पोहोचावा अशी कोणाचीच घाई नसते. सगळे पोहोचावेत अशी असते.

कायद्यातही वाटेबद्दल एक शहाणपण सांगितले आहे. १९६३च्या मुदतीच्या कायद्यातील कलम २५ प्रमाणे एखाद्या वाटेवर वीस वर्षे शांतपणे, हक्काने आणि अखंड वहिवाट असली, की तो हक्क पक्का होतो. पण त्याला एक अट आहे : ती वीस वर्षे दाव्याच्या आधीच्या दोन वर्षांच्या आत संपलेली असावी लागतात. चालणे थांबवून फार काळ गेला, की चाळीस वर्षांची वहिवाटही आधाराला येत नाही. तीर्थरूप ओसरीवर बसले त्याला दोन वर्षे व्हायला थोडेच महिने उरले होते. गाडीवाटेवर त्यांच्याशी कोणाचा तंटा नाही. पण नातवाच्या शेजारी चालण्याची वहिवाट मात्र बुडण्याच्या बेतात होती, आणि त्या दाव्यात आम्ही कोणत्या न्यायालयात गेलो असतो?

गाडीची बॅटरी या संथ चालीत तास-सव्वा तास टिकते. आजोबांचे गुडघेही तेवढेच. चिरंजीवांनी पहिल्या दिवसापासून दुसऱ्या बॅटरीचा हट्ट धरला होता. वाढदिवसाला आम्ही ती घेऊन दिली. त्या शनिवारी निघताना पाहतो तो नवी बॅटरी टेबलावरच. विसरलास का, असे विचारले. त्याने आजोबांकडे न पाहता, बुटाची नाडी बांधता बांधता उत्तर दिले, आणि ते मराठीत नव्हते :

"आजोबांक एक पुरो."