खांब एकच होता

एसडी-वॅन हे सॉफ्टवेअर हाताशी असलेल्या वाटांपैकी त्या क्षणी बरी असेल ती वाट निवडतं. नवी वाट ते तयार करत नाही. हे मला ठाऊक होतं; व्यवस्थापनापुढे मांडणी करताना मी ते दर वेळी सांगितलंही होतं. तरी आराखडा करताना माझा सगळा वेळ निवडीचे नियम ठरवण्यात गेला आणि वाटा तपासायच्या राहिल्या. त्याचा त्रास ज्यांना झाला ती डेपोतली माणसं माझ्या एकाही बैठकीला नव्हती.

आमची कंपनी औषधांचं घाऊक वितरण करते. मुख्यालय पुण्यात, बिलिंग आणि साठ्याचे सर्व्हर नवी मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये, आणि डेपो मिरज, कोल्हापूर, सोलापूर, लातूर, नांदेड, जळगाव, रत्नागिरी असे पसरलेले. प्रत्येक डेपोला एमपीएलएसची, म्हणजे भाड्याच्या खासगी जाळ्याची, लाइन होती, कुठे २ एमबीपीएस, कुठे ४. भाडं जबर आणि क्षमता वाढवून मागितली की महिनोन्‌महिने वाट पाहायची. त्या भाड्याच्या लहानशा हिश्शात स्थानिक केबलवाला १०० एमबीपीएसचं ब्रॉडबँड द्यायला तयार होता. दोन वेगळ्या कंपन्यांची ब्रॉडबँड घ्यायची, वर एसडी-वॅनचा बॉक्स बसवायचा आणि एमपीएलएस बंद करायची, असं मी मांडलं. आकडे इतके बोलके होते की कुणी फार प्रश्न विचारले नाहीत. प्रश्न मीच मला विचारायला हवे होते. एमपीएलएस देणारी कंपनी आपली वाहतूक स्वतःच्या जाळ्यातून वेगळी नेते, आवाजाच्या पॅकेटना रांगेत पुढे घेते आणि बिघाड झाला तर फोन करायला एकच दार असतं. आपण पैसे या सगळ्याचे भरतो. मला मात्र त्या बिलात फक्त एमबीपीएस दिसत होते.

गूगलने २०१३ साली आपल्या बी-४ या जाळ्यावर प्रसिद्ध केलेला शोधनिबंध तेव्हा माझ्या टेबलावरच असायचा. लांब पल्ल्याच्या लिंक एरवी सरासरी ३० ते ४० टक्केच वापरल्या जातात. मध्यवर्ती नियंत्रणाच्या जोरावर त्यांनी अनेक लिंक जवळजवळ १०० टक्के क्षमतेने चालवून दाखवल्या. तो निबंध मला आजही मोलाचा वाटतो. पण ते जाळं मोजक्या डेटा सेंटरना जोडणारं होतं, दोन्ही टोकांची ॲप्लिकेशन त्यांची स्वतःची होती आणि कोणतं काम थोडं थांबलं तर चालेल हे त्यांना ठरवता येत होतं. माझ्याकडे विजेच्या खांबांवरून ओढलेली केबल होती, आणि डेपोचं अजिबात थांबून न चालणारं काम होतं बिलाचं. निबंधातला निष्कर्ष मी उचलला, त्याखालची परिस्थिती उचलायला विसरले.

चाचणीसाठी मी भोसरीचं गोदाम निवडलं. तिथे फायबर जमिनीखालून आलेलं, दोन कंपन्या दोन दिशांनी पोचलेल्या, आणि महिना फेब्रुवारीचा. सगळं सुरळीत चाललं यात आश्चर्य नव्हतं. चाचणी करायचीच होती तर लातूरला किंवा रत्नागिरीला, आणि तीही जून-जुलैत करायला हवी होती. सोयीच्या जागी मिळालेलं यश मी सगळ्या डेपोंना लावलं. या कामातली ही माझी सर्वांत मोठी चूक, आणि पुढच्या बऱ्याचशा तिच्यातूनच निघाल्या.

मिरज हे दवाखान्यांचं गाव आहे. वानलेस यांच्या मिशन हॉस्पिटलपासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून, तिथे दूरदूरहून, अगदी कर्नाटकातूनही रुग्ण येतात. त्यामुळे आमच्या मिरज डेपोतून संध्याकाळी उशिरापर्यंत माल जातो. मे महिन्याच्या शेवटी एका संध्याकाळी वळीव आला, वारा सुटला आणि पुण्यातल्या माझ्या स्क्रीनवर मिरजेच्या दोन्ही लिंक एकाच क्षणी लाल झाल्या. दोन वेगळ्या कंपन्या एकदम कशा जातील, तेव्हा बॉक्सच बिघडला असणार, असं मी ठरवून टाकलं. डेपोच्या स्टोअरकीपर काकांना फोन करून बॉक्स बंद-चालू करायला सांगितलं. पुन्हा सांगितलं. मग वायर काढून घालायला सांगितली. ते म्हणत होते, “मॅडम, बॉक्सला काय झालेलं नाही. भाईर खांब पडलाय, झाड आलंय त्याच्यावर.” मी ऐकलं, पण ती माहिती माझ्या कामाची आहे हे मला कळलं नाही. खांब पडला तर वीज जाईल आणि डेपोला इन्व्हर्टर आहे, एवढाच माझा हिशेब.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः गेले. दोन्ही कंपन्यांनी शेवटचा टप्पा एकाच स्थानिक केबल ऑपरेटरकडून घेतला होता. दोन्हींचं फायबर एका दुकानाच्या जिन्याखालच्या एकाच पेटीतून निघून त्याच खांबांवरून आमच्यापर्यंत आलं होतं. बिलं दोन, ग्राहक क्रमांक दोन, हेल्पलाइन दोन, आणि खांब एकच. ट्रेसरूटमध्ये हे दिसत नाही, कारण तिथे प्रत्येक कंपनीचे स्वतःचे राउटर दिसतात. त्याआधीची तार दिसत नाही. ती पाहायला डेपोच्या दारातून निघून केबलच्या मागे चालत जावं लागतं. अर्ध्या तासाचं काम होतं.

सिमवर चालणारी तिसरी लाइन मूळ यादीत होती. दोन फायबर असताना तिसरीची गरज काय, म्हणून मिरजेपुरती ती मीच काढली होती. त्या संध्याकाळी शीतखोलीत इन्सुलिनच्या पेट्या मोजून तयार होत्या आणि बिल निघत नव्हतं. २०२१ च्या एप्रिलपासून ५० कोटींवर उलाढाल असलेल्यांना ई-इनव्हॉइस सक्तीचं झालं. बिलाची माहिती सरकारी पोर्टलवर जाते, तिथून क्रमांक आणि क्यूआर कोड येतो, तेव्हा ते बिल बिल होतं. म्हणजे लाइन नसेल तर हाताने पावती फाडून माल सोडण्याची जुनी सोय उरलेली नाही. मुख्यालयातल्या मुलांनी फोनवर ऑर्डरी उतरवून घेऊन पुण्यातून बिलं केली आणि काकांच्या मोबाइलवर पाठवली. रेंजसाठी ते पावसात गच्चीवर जाऊन ती उतरवून घेत होते आणि खाली येऊन छापत होते. माझ्या आराखड्यातलं भोक त्यांनी असं भरून काढलं. मी काकांची माफी मागितली. त्यांनी चहा मागवला आणि खांब कुठला ते दाखवलं.

वेगाबद्दलचा माझा समजही असाच वरवरचा होता. मिरज ते नवी मुंबई हे साडेतीनशे-चारशे किलोमीटरचं अंतर फायबरमधून प्रकाश सुमारे दोन मिलिसेकंदांत कापतो. राउटर आणि वळसे धरूनही, बोलण्यासाठी एका दिशेने १५० मिलिसेकंदांपर्यंतचा जो विलंब आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या शिफारशीत चालतो, त्याच्या कितीतरी आत आम्ही होतो. ते आकडे मी अभिमानाने दाखवले होते. महाराष्ट्राच्या आत विलंब हा प्रश्न क्वचितच असतो. प्रश्न असतो गळणाऱ्या पॅकेटचा आणि त्यांच्या येण्यातल्या अनियमितपणाचा, आणि तो संध्याकाळी, घरोघरी टीव्ही आणि मोबाइल सुरू झाल्यावर दिसतो. माझी मोजमापं सकाळी अकराची होती. एका फोन कॉलला १०० केबीपीएससुद्धा लागत नाहीत. १०० एमबीपीएसची लाइन असूनही आवाज तुटत होता, कारण मधल्या गर्दीत आमच्या पॅकेटना पुढे घेणारं कुणी नव्हतं. आम्ही त्यांच्यावर लावलेली प्राधान्याची खूण इंटरनेटवर कुणी पाळत नाही.

मग मी नियम कडक केले. पॅकेट थोडी गळाली की वाहतूक लगेच दुसऱ्या लिंकवर जाईल असं केलं. दोन्ही लिंक सारख्याच डळमळीत असल्या की काय होतं हे तेव्हा पाहायला मिळालं: वाहतूक दिवसभर इकडून तिकडे उड्या मारत राहिली. डेटा सेंटरकडे जाणारी वाहतूक एसडी-वॅनच्या बोगद्यातून (टनेलमधून) जाते, त्यामुळे तिला हा बदल जाणवत नाही. पण बँकेची आणि जीएसटीची पोर्टल डेपोतून थेट इंटरनेटवर सोडली होती. तिथे लिंक बदलली की सार्वजनिक आयपी पत्ता बदलतो, आणि बँकेच्या पोर्टलला वाटतं की दुसराच कुणीतरी आला. भरणा करता करता माणूस बाहेर फेकला जायचा. सोलापूरच्या अकाउंटंट ताईंनी हे मला तीनदा कळवलं होतं आणि मी पासवर्ड बदलून पाहा असं उत्तर दिलं होतं. आता अशी पोर्टल एका लिंकला बांधून ठेवली आहेत. ती पूर्ण पडली तरच दुसरीकडे जातात. आणि खराब झालेली लिंक सुधारली तरी काही मिनिटं स्थिर राहिल्याशिवाय वाहतूक तिच्यावर परतत नाही.

नांदेडला लॉगिन व्हायचं, छोटी बिलं निघायची, पण साठ्याचा मोठा रिपोर्ट मागितला की स्क्रीन अडकायची. पिंग व्यवस्थित. मी बिलिंग सॉफ्टवेअरच्या टीमला दोष दिला, लेखी दिला, वरिष्ठांना प्रत लावून दिला. कारण माझ्याकडेच होतं. ब्रॉडबँडच्या पीपीपीओई जोडणीत १५०० बाइटऐवजी १४९२ च मावतात, त्यात बोगद्याच्या वेष्टनाला आणखी जागा लागते, त्यामुळे भरलेलं पॅकेट मावत नाही. आणि ‘लहान पाठव’ असं सांगणारा आयसीएमपीचा निरोप मी स्वतःच फायरवॉलमध्ये अडवलेला. टीसीपीच्या तुकड्याचा कमाल आकार खाली आणला आणि रिपोर्ट धावले. दुरुस्तीला काही मिनिटं लागली. त्या टीमशी बिघडलेलं बोलणं पूर्ववत व्हायला बराच काळ गेला, आणि त्या ईमेलचं मला आजही वाईट वाटतं.

बचतीचा हिशेबही अपुराच होता. लाइनचं भाडं कमी झालं हे खरं. पण बॉक्सचं दरवर्षीचं लायसन्स, डॉलरमधले दर, हबला, म्हणजे डेटा सेंटरला, लागणारी मोठी लाइन आणि स्थिर पत्ते, हे सगळं मी एका ओळीत गुंडाळलं होतं. माणसांचा वेळ तर कुठल्याच ओळीत नव्हता. बॉक्स पाठवला की तो आपोआप चालू होतो असं मी सर्वांना सांगितलं होतं. ब्रॉडबँडचं युजरनेम आणि पासवर्ड घातल्याशिवाय बॉक्सला इंटरनेटच मिळत नाही, आणि इंटरनेटशिवाय तो आपली माहिती आणणार कुठून? मग स्टोअरकीपरने एका हातात फोन धरून दुसऱ्या हाताने ती अक्षरं टाइप करायची. लाइन गेली की केबल ऑपरेटरच्या पोराला शोधायलाही तोच जायचा. पूर्वी हे काम पुण्यात बसून एका फोनवर व्हायचं. मी ते संपवलं नाही, न विचारता त्याच्या डोक्यावर नेऊन ठेवलं. आता ऑपरेटरांच्या मागे लागायला आमच्याकडे स्वतंत्र माणूस आहे आणि त्याचा पगार याच प्रकल्पाच्या खर्चात धरला जातो. बचत मी मांडलेल्या आकड्याच्या निम्म्याच्या आसपास आली. पण ती खरी आहे.

आता कोणत्याही जागेची लाइन मागवण्याआधी एक कागद भरावा लागतो आणि तो डेपोतल्या माणसाला सोबत घेऊन, जागेवर उभं राहून भरायचा असतो. शेवटचा टप्पा कुणाचा? फायबर कुठल्या बाजूने इमारतीत येतं, जमिनीखालून की खांबावरून? मधल्या पेटीला वीज कुठून, बॅटरी किती तास? दोन लाइन कुठे एकत्र येतात? कोल्हापूर-सांगलीच्या कागदावर आणखी एक प्रश्न आहे: २०१९ च्या पुरात पाणी इथे कुठवर आलं होतं? लाइन स्वीकारण्याआधीची मोजणी आठवडाभर चालते, संध्याकाळसकट. मिरजेला दुसरी लाइन आता गच्चीवरच्या रेडिओवरून येते, आणि सिम आहेच.

रत्नागिरीला हा कागद भरला तेव्हा दुसरी वाट निघाली नाही. तिथे येणाऱ्या सगळ्या ब्रॉडबँडचं फायबर एकाच रस्त्याने येतं, आणि डेपोच्या आत मोबाइलची रेंज धड नाही. त्यामुळे तिथली ४ एमबीपीएसची एमपीएलएस मी ठेवली आहे, जोडीला एक ब्रॉडबँड. एमपीएलएसचा करार मार्चमध्ये संपतो. वित्त विभागाने ती बंद का करत नाही असं विचारलं आहे. उत्तरात मी तो भरलेला कागद आणि रस्त्याचा नकाशा जोडला आहे आणि नूतनीकरणाची शिफारस केली आहे.